गावात तार हवी की नको

१२ जानेवारी

प्रिय ताई,

नमस्कार. मी ठीक आहे. दिवसभर चष्म्याच्या काचा घासून बोटांची सालं निघतात, तेवढं सोडलं तर तक्रार नाही. तूही बरी असशील असं धरून चालतो. जवळजवळ दोन वर्षांनी पत्र, तेही कागदावर, म्हणून घाबरू नकोस. काम आहे, पण खेळाचं आहे.

आपला रविवार दुपारचा खेळ अजून चालू आहे, फक्त जागा बदलली. आता लॉन्ड्रीवाल्याच्या दुकानात, शटर अर्धं ओढून, इस्त्रीच्या लांब टेबलाभोवती बसतो. वर टांगलेल्या लोकांच्या कोटांच्या बाह्या डोक्याला लागतात. खेळणारे तिघं: लॉन्ड्रीवाला, दातांची डॉक्टरीण आणि एक निवृत्त पोस्टमास्तर. पोस्टमास्तर नवे आहेत. त्यांना समजावताना मी तुझंच वाक्य वापरलं, की एकानं गाव सांगायचं, बाकीच्यांनी त्या गावात कुणीतरी होऊन राहायचं, आणि वाद झाला की फासे टाकायचे. ते म्हणाले, "म्हणजे संसारच की! फाशांची सोय तेवढी जास्त."

तर या वेळी सगळ्यांना वेस्टर्न हवंय. घोडे, रुंद टोप्या, पिस्तुलं, लाकडी दुकानांची एकच रांग आणि तिच्यातून उडणारी धूळ. गाव सांगायचं काम पूर्वी तुझं असायचं. आता ते माझ्या गळ्यात आहे, आणि तीन आठवडे झाले तरी काही ठरत नाही. आधी ठरवलं, गुरांचा मोठा कळप हाकत तीन महिन्यांचा प्रवास दाखवावा. आठ पानं लिहिली आणि फाडली. मग रूळ टाकणाऱ्या मजुरांची छावणी घेतली, तीही फाडली. एकदा तर बंद पडलेल्या खाणीत भुतं घातली. दुसऱ्या दिवशी वाचून माझं मलाच हसू आलं. शेवटी एकच गाव घ्यायचं असं ठरतंय. पण त्या गावाचा सूर कसा ठेवायचा?

लॉन्ड्रीवाल्याला सिनेमासारखं हवंय. "हीरोची गोळी चुकत नाही आणि शर्ट मळत नाही. मळलेले शर्ट मी आठवडाभर बघतोच." डॉक्टरीणबाईंचं उलट. त्या म्हणतात, "तेव्हा दाढ दुखली की न्हावी उपटायचा. मला ते गाव दाखवा. आणि ती जमीन मुळात ज्यांची, ती माणसं नुसती टेकडीवरून बाण मारायला ठेवणार असाल, तर मी रविवारी झोप काढीन." तू असतीस तर तूही हेच म्हणाली असतीस. पोस्टमास्तरांचं मागणं साधं आहे. त्यांना गावातला तार-मास्तर व्हायचंय. तरुणपणी तारेची कडकट्ट शिकलेत, टेबलावर पेनानं वाजवून दाखवतात.

पण मी काळ असा धरलाय की तार त्या गावापर्यंत पोचलेलीच नाही. बातमी आणायची तर घोडेस्वार, चार दिवस. मला ते बरं वाटतं. पोस्टमास्तर मात्र अडून बसलेत.

तुझं मत हवंय. तू डोळे मिटून पाच मिनिटांत गाव उभं करायचीस.

आत्या भेटली होती. म्हणाली, तू शीतगृहातलं काम सोडून बाहेरच्या कचेरीत बदली मागून घेतलीस. आणि म्हणे फोन सतत हातात असतो, जेवतानासुद्धा ताटाशेजारी. मी म्हटलं, असेल. मग ती बाबांवर आली, तेव्हा मी उठलो. दुकानात काम होतं.

चार ओळी लिहिल्यास तरी चालेल.

तुझा,
ढापण्या


८ फेब्रुवारी

प्रिय ताई,

कार्ड मिळालं. चार ओळी मागितल्या तर मोजून चारच दिल्यास. 'आधी गावातलं पाणी कुणाच्या ताब्यात आहे ते ठरव, म्हणजे कोण कुणाला घाबरतं ते कळेल. गोळी लागली की माणूस मरू दे, पण गावाला हसू दे. तार हवीच. तू टाळतोयस का?'

पहिल्या दोन ओळींनी एका दुपारीत गाव उभं केलं, तिसरी मी बाजूला ठेवली. विहीर तबेलेवाल्या बाईची. झरा डोंगरापलीकडच्या लोकांचा, आणि तो त्यांनी कुणाला दिलेला नाही, तरी गाव त्यावर जगतं. डॉक्टरीणबाई त्यांच्यातली हाडं बसवणारी झाल्या, लॉन्ड्रीवाला शेरीफ झाला आणि पहिल्याच तासात स्वतःच्या घोड्यावरून पडला. सिनेमाची हौस तिथंच फिटली. सगळे पोट धरून हसलो.

चौथी ओळ मी खिशात घेऊन फिरलो. जेवताना वाचली, काच घासताना वाचली. एका गिऱ्हाइकाचा उजवा नंबर डाव्या काचेला घातला. मालकांनी विचारलं, "काय रे, प्रेमात पडलास की काय?" असं असतं तर बरं झालं असतं.

गेल्या रविवारी पोस्टमास्तरांनी पुन्हा तेच काढलं. "अहो, मी वाचून आलोय. तुम्ही धरलेल्या काळात तार होती."

"आमच्या गावात नव्हती."

"मग आता ओढू या. खांब मी रोवतो. टाका फासे."

"तार नाही म्हणजे नाही!" मी इतक्या जोरात ओरडलो की शटरबाहेरचा माणूस वाकून आत बघायला लागला. माझा हात लागून फासे उडाले, एक वाफेच्या इस्त्रीखाली गेला. पोस्टमास्तर सत्तरीचे आहेत गं. ते खाली वाकले, गुडघ्यावर हात ठेवत तो फासा शोधून काढला आणि माझ्या पुढ्यात ठेवला. म्हणाले, "राहू दे. तार नको तर नको. पण तुमचं घरी काही बिनसलंय का?"

मी खेळ तिथंच मोडला आणि घरी येऊन ह्या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिलो. आठवडाभर तेच चाललंय. आता बसलोय तर लिहून टाकतो, नाहीतर पुन्हा उठेन.

ताई, त्या दिवशी मी तुला फोन लावत होतो आणि तो लागत नव्हता, असं मी सगळ्यांना सांगितलं. तुलाही सांगितलं. तुमच्या शीतगृहात फोन बंद करून बाहेरच्या कप्प्यात ठेवावे लागतात, आत रेंज नसते, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून ते सगळ्यांना खरं वाटलं. तुलासुद्धा.

मी फोन लावलाच नव्हता.

डॉक्टरांनी सकाळी दहा वाजता मला बाहेर बोलावून सांगितलं होतं, आजचा दिवस. तुझ्याकडून इथं यायला बसनं पाच तास. बाबा गेले सव्वापाचला. तुमच्या कचेरीत निरोप ठेवला असता तरी तू पोचली असतीस. मी हा हिशेब रोज करतो, तो कधी चुकत नाही.

का नाही केला, तेही सांगतो. चांगलं कारण नाहीच. तीन वर्षं त्यांना उठवणं, बसवणं, दाढी, आंघोळ, औषधं, सगळं मी केलं. माझ्या हातचे चार घास खाऊन ते तोंड फिरवायचे. महिन्यातून एकदा तू यायचीस, आणि तू जिना चढताना पाय वाजले की त्यांना भूक लागायची. मी स्वयंपाकघरात उभा राहून तुमचं हसणं ऐकायचो. त्या सकाळी डॉक्टर बोलले तेव्हा माझ्या मनात पहिलं आलं ते असं, की आजचा दिवस तरी माझा. फोन हातात होता. तुझं नाव उघडलं होतं. मी तो बंद करून खिशात ठेवला.

नंतर तू आलीस, तेव्हा आत्या सगळ्यांदेखत म्हणाली, "बापाचा जीव तुझ्यात अडकला होता, आणि तू फोन ठेवून बसलीस." काकांनी तुझ्याकडे पाठ फिरवली. तू भिंतीला टेकून म्हणालीस, "माझंच चुकलं." मी तुझ्या शेजारीच होतो, ताई. तुझी बाही माझ्या बाहीला लागत होती. मी काही बोललो नाही.

क्षमा मागायचं धाडस नाही. जे घडलं ते तुझ्या हातात देतोय. तुझं काहीही चुकलं नव्हतं.

ढापण्या


२ मार्च

प्रिय ताई,

तुझं पाकीट आलं. आत एकच ओळ, ना मायना ना सही. 'शेवटी बाबा काय म्हणाले?'

ते सांगणार आहे. पण आधी दोन गोष्टी कळवतो; मी त्यांच्याआड लपतोय असं समजू नकोस.

मागच्या शनिवारी दुपारी आत्याकडे गेलो. काकांना आधीच बोलावून घेतलं होतं. चहा ओतला गेला, तो तसाच राहिला. मी उभ्यानंच सांगितलं. तुला लिहिलं तेच, एकही शब्द कमी न करता. आत्या आधी म्हणाली, "वेड लागलंय तुला, बहिणीला वाचवायला काहीही बोलतोस." मी फोनमधली त्या महिन्याची यादी काढून आणली होती, तिच्यात न लागलेले फोनही असतात. ती तिच्यापुढे ठेवली. त्या दिवशी सकाळपासून पाचपर्यंत एकही फोन नाही. तिनं चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग म्हणाली, "मी त्या पोरीला काय काय बोलले रे..." आणि उठून आत गेली. काका मला म्हणाले, "आमच्या कुणाच्या दारात पुन्हा पाऊल टाकू नकोस." मला ते वाईट वाटलं नाही. पायऱ्या उतरताना दोन वर्षांत पहिल्यांदा भूक लागली, हे खरं सांगतो. आत्या तुला फोन करील. तू उचलावास असं काही नाही.

दुसरी गोष्ट. मी पोस्टमास्तरांची माफी मागितली. कारण सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. गावाचा काळ पंधरा वर्षं पुढं आणला. खांब रोवताना त्यांनी तीन वेळा वाईट फासे टाकले आणि पोरासारखे चिडले. आता गावात तार आहे. त्यामुळे गाव अवघड झालंय, कारण कुणाला काय कळलं नाही असं म्हणून सुटता येत नाही. पण खेळ चांगला रंगतो.

आता बाबा.

मी तुला फोन केला नाही, पण त्यांना सांगितलं, "ताई निघालीये." त्यांनी डोळे उघडून विचारलं होतं, "तिला कळवलंस?" आणि माझ्या तोंडून हो गेलं. तिथून पुढचा सगळा दिवस ते तुझ्याबरोबर बसमध्ये होते.

अकराच्या सुमारास म्हणाले, "पुढच्या सीटवर बसलीये ना? तिला गाडी लागते." मी म्हटलं, हो, पुढंच. थोड्या वेळानं, "खिडकी उघडी ठेवायला सांग. लोक बंद करायला लावतात आणि ती लाजते." डोळे मिटलेले, पण ओठ हलत होते. दीड वाजता म्हणाले, "आता घाट लागला असेल." मी घड्याळ पाहिलं. तू खरंच निघाली असतीस तर तेव्हा घाटातच असतीस. मध्येच हसले, म्हणाले, "लहानपणी माझ्या बुटात ओकली होती. नवे बूट होते." आणि मला म्हणाले, "तू तेव्हा नव्हतास."

तीनला विचारलं, "नदीवरचा पूल आला?" मी म्हटलं, आला बाबा.

शेवटचं बोलले ते चारनंतर. मी त्यांच्या ओठांशी कान नेला होता. मला वाटलं, आता मला काही म्हणतील. म्हणाले, "ती आली की लगेच वर आणू नकोस. खाली थोडं बसू दे तिला. डोकं गरगरत असतं तिचं. मी थांबतो."

त्यानंतर बोलले नाहीत. एक तास थांबले.

हे शब्द तुझे होते, ताई. दोन वर्षं मी ते माझ्याजवळ ठेवले आणि आत्यालासुद्धा सांगितले नाहीत. आज पोचते करतोय. याहून उशीर करायचा नव्हता म्हणून टपालाची वाट न बघता उद्या सकाळच्या बसनं स्वतः येतो आणि हे पाकीट तुझ्या दाराच्या फटीतून आत सरकवतो. बेल वाजवणार नाही. खाली जिन्याशी थोडा वेळ बसेन. तू आली नाहीस तर परतीची बस धरीन, आणि ते बरोबरच असेल.

तुझा धाकटा भाऊ