पऱ्हाटीचा डोंगर

प्रिय सर,

कला-शिक्षक पदविकेच्या आम्हा सगळ्या विद्यार्थ्यांची तुमच्याविषयी एकच तक्रार होती. आष्टीकडच्या तुमच्या शाळेत सराव पाठ घ्यायला गेलो, की तुम्ही काहीच शिकवत नाही. फळ्यावर एक रेघ काढत नाही, मुलांची चित्रं सुधारून देत नाही, मागच्या बाकावर बसून नुसते पाहत राहता.

ती तक्रार सर्वांत मोठ्या आवाजात मी केली, म्हणून हे पत्रही मीच लिहायला हवं. तुम्ही गेल्याचं कळलं, तशी वर्ध्याला आमच्या विद्यालयात शोकसभा ठेवली. प्राचार्य म्हणाले, "तू बोल, तुला बोलता येतं." मी उठले नाही. तुमच्यावर एकदा बोलून झालं होतं.

माझा तो पाठ तुम्ही पाहिला होता. विषय निसर्गचित्र. फळ्यावर मी दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नदी आणि काठावर नारळाचं झाड काढलं. आपल्या जिल्ह्यात किती गावांत नारळ आहे, सर? मुलांवर आपलं काही लादू नये, यावर मी पुस्तकांमागून पुस्तकं वाचली होती, तावातावानं वाद घातले होते. आणि पाचवीच्या वर्गात बाकाबाकावर एकसारखा नारळ उगवला.

एकट्या रंजनानं तो काढला नाही. तिच्या कागदाच्या मधोमध काळ्या-तपकिरी रेघांचा गुंता होता. मला वाटलं, डोंगर फसला. "थांब, सुधारून देते," म्हणत मी तिची पेन्सिल घेतली, गुंत्याभोवती ठसठशीत त्रिकोण ओढला, मागे सूर्य बसवला. पाठ तपासायला आलेल्या बाईंनी तेच चित्र भिंतीवर पहिलं लावलं. रंजनानं पेन्सिल परत घेऊन दप्तरात ठेवली. तिनं काय काढलं होतं, ते मी कुठं विचारलं?

तास संपल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, "मॅडम, लेकराच्या कागदाले आपण हात नाई लावत." कामचुकार माणसाची ही सबब, असं मी ठरवून टाकलं.

सराव संपल्यावर आमच्या निरोपाच्या कार्यक्रमात मुख्याध्यापक, पालक, सोबती, सगळ्यांसमोर मी गरजले, "जिथं चित्रकलेचा शिक्षक खडू उचलत नाही, तिथं मुलांचे हात आंधळे राहतात." टाळ्या पडल्या. तुम्हीही वाजवल्या. का वाजवल्या, सर?

नंतर बस थांब्यावर आमच्यासाठी चहा घेऊन आलात.

"मॅडम, बोलता मात्र झकास. निवडणुकीले उभ्या राहा."

सगळे हसले. मला कप देताना आवाज उतरवून म्हणालात, "तो डोंगर नव्हता. पऱ्हाटीचा ढीग होता, तिच्या घरामागचा. तिची माय चुलीसाठी रचून ठेवते."

"मग तवाच सांगितलं काऊन नाई?" रागात मीही घरच्या बोलीवर आले.

"कवा सांगतो? तुमचं बोलणं चालू होतं न."

कापूस वेचून झाल्यावर उरलेली ती वाळकी झाडं. सेवाग्रामच्या वाटेवर असे ढीग पाहत मी लहानाची मोठी झाले, आणि कागदावर ओळखले नाहीत. तेव्हाच माफी मागायला हवी होती. बस आली, मी चढले.

दिवाळीनंतर तुमचा फोन आला. "रंजना आता रोज डोंगरच काढते. मागं सूर्य, सगळं बरोबर." यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते लागलं. मग पहिल्यांदा 'मॅडम' न म्हणता म्हणालात, "येजो एकदा. तुह्याच हातानं झालं, तुह्यानंच सुटंन." परीक्षा झाली की येते, म्हणाले. परीक्षा झाली. आले नाही.

सोमवारपासून आमचे पाठ पुन्हा तुमच्याच शाळेत आहेत. ज्यांच्यासमोर तुमच्यावर बोलले, त्यांच्याचसमोर ते शब्द मागे घेईन. रंजनाला सांगेन, चूक माझी होती, तुझी नव्हती. ती पुन्हा पऱ्हाटी काढेल का? माहीत नाही, पण तिच्या बाकावर बसून मी वाट पाहीन. हा शब्द तुम्हाला देते.

आणि हे पत्र विद्यालयाच्या फलकावर लावते आहे, तेव्हा सोबत्यांनो, तुम्हीही वाचा. आपण प्रत्येकानं कुणाचं तरी चित्र सुधारून दिलं आहे. या आठवड्यात त्या मुलाकडे परत जा आणि विचारा, "तू काय काढलं होतंस?"

तुमचं उशिरा ऐकलेली,
अस्मिता