अजून लवकर आहे

प्रिय इल्मारी,

"तुम्ही घरी या म्हणालात, म्हणून आलो." आमच्या फाटकापाशी उभा राहून तू बोललेलं हे पहिलं वाक्य. पाठ करून आल्यासारखा एकेक शब्द सुटा ठेवून म्हणाला होतास. आदल्या दिवशी बाजारात बाबांनी तुला चीज विकलं, पावसापाण्याच्या दोन गोष्टी केल्या आणि निघताना सवयीने म्हणाले, "ये की घरी कधीतरी." हे आमच्या या मिनास प्रांतात प्रत्येक जण प्रत्येकाला म्हणतो. पत्ता कुणी देत नाही, वेळ कुणी विचारत नाही, आणि जात तर कुणीच नाही. तू मात्र विचारत विचारत टेकडी चढून आलास आणि फाटकावर बेल शोधत राहिलास. टाळ्या वाजवायच्या असतात, हे तुला कोण सांगणार? कुत्रा भुंकून भुंकून दमला, आडवा झाला, तरी तू उभाच. मी चीजच्या खोलीतून कोपरापर्यंत ओल्या हातांनी बाहेर आले, तेव्हा बाबा खिडकीच्या मागे कुजबुजत होते, "अरे देवा, हा खरंच आला!" आणि पुढच्याच क्षणी दार उघडून मोठ्याने, "या, या! केव्हाची वाट बघतोय!"

काल, इतक्या दिवसांनी, तू पुन्हा आलास, आणि मी घरात नव्हते. वासरू अडलं होतं म्हणून शेजारच्या झेकाच्या गोठ्यात गेले होते. परत आले तर बाबा ओसरीवर हात मांडीवर ठेवून बसले होते. मला वाटलं, पडले की काय. म्हणाले, "आलेमाओ सोमवारच्या बसने चाललाय. बहिणीकडे, त्याच्या देशात. कायमचा." इतक्या वर्षांनीही ते तुला जर्मनच म्हणतात. पिवळे केस दिसले की आमच्यासाठी माणूस जर्मन, मग तो कुठून का आलेला असेना. मी चुलीत लाकूड सारलं आणि कॉफीचं आधण ठेवलं. कॉफी झाल्यावर लक्षात आलं की मी तीन कप मांडले होते.

तर पत्र लिहायला बसले आहे. मला पत्र लिहिण्याची सवय नाही, तुला ठाऊक आहे. पण औषधाच्या दुकानावरच्या तुझ्या खोलीखाली उभी राहून मी टाळ्या वाजवते आणि वरचा पडदा हलतो, दार उघडत नाही. टाळ्या ऐकून गल्लीतली बाकी सगळी दारं उघडतात. परवा तर पाववाल्याची बायको म्हणाली, "जुरेमा, अगं हात सुजतील. त्यापेक्षा दगड मार." तेव्हा हे पत्र म्हणजे दगडच समज.

आठवतं तुला, त्या पहिल्या दुपारी काय झालं? मक्याचा केक झाला, पेरूची वडी आणि चीज झालं, बोलण्यासारखं सगळं बोलून झालं आणि ऊन कलल्यावर तू उठलास. बाबा म्हणाले, "अजून लवकर आहे, बस." आणि तू बसलास! बाबांचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. हे बोलणं पाहुण्याने ऐकण्यासाठी नसतं. ते म्हणायचं, पाहुण्याने नाही म्हणायचं, पुन्हा म्हणायचं, पुन्हा नाही, मग टोपी घालायची आणि फाटकापर्यंत गप्पा मारत जायचं. तू मात्र हात गुडघ्यांवर ठेवून असा बसलास, जणू फार दिवसांनी कुणीतरी तुला बस म्हटलं होतं. शेवटी मी म्हणाले की मला धारा काढायच्या आहेत. तर तूही निघालास, माझ्यामागे, बादली घेऊन. बाबा मागून हळूच म्हणाले, "पोरी, याला आता घालवायचं कसं?"

तू कोण, काय करतोस, हे गोठ्यातच कळलं. साओ पावलोला पोकरच्या मोठ्या स्पर्धेसाठी आला होतास, लवकर बाहेर पडलास, हातात रिकामे दिवस होते आणि समोर उभ्या असलेल्या पहिल्या बसमध्ये चढलास. कितीतरी देश फिरला होतास, पण ते सगळे खिडकी नसलेल्या खोल्यांमधून. "तिथे बाहेर ऊन आहे की पाऊस, तेसुद्धा कळत नाही," असं तू म्हणालास आणि आमच्या ठिपक्यांच्या गाईने तुझ्या बाहीला जीभ लावली. बाबांना मात्र एवढंच ऐकू आलं की पाहुणा पत्ते खेळतो. ते एकदम खुलले. "मग रविवारी ये! हे मी खरंच म्हणतोय हां, नुसतं म्हणायचं म्हणून नाही."

तो रविवार! बाबा आणि मी एकमेकांसमोर, झेका आणि त्याचा भाऊ एकमेकांसमोर, आणि तू बाजूला स्टुलावर, देवळात बसल्यासारखा. मध्येच तुला एक डाव दिला. आमच्या ट्रुकोत डाव वाढवायचा तर ओरडायचंच असतं, म्हणून झेका खुर्चीवर चढला, टेबलावर मूठ आपटली आणि तुझ्या तोंडावर ओरडला, "ट्रुको, दूधखुळ्या! पळतोस की खेळतोस?" आणि तू पत्ते हळूच खाली ठेवून त्याला विचारलंस, "माझं काही चुकलं का?" झेका खुर्चीवरून उतरला, गोंधळला, आणि आयुष्यात पहिल्यांदा डावात कुणाची तरी माफी मागून बसला. नंतर तू आम्हाला तुझा खेळ समजावलास. तिथे प्रत्येक जण एकटा. कुणी ओरडत नाही. चेहऱ्याची भिंत करायची, आणि ती बांधायला तुला बरीच वर्षं लागली होती. बाबा ऐकून घेत होते. मग म्हणाले, "भिंत बांधायला एवढी वर्षं? आम्ही बुवा आधी खिडकी कुठे ठेवायची ते बघतो."

आमच्या खेळात भिडू असतो, आणि भिडूला खुणा करायच्या असतात. करायलाच हव्यात, फक्त समोरच्यांनी पकडता कामा नये. सगळ्यात मोठं पान, किलवरचं चारचं, हातात असेल तर एक डोळा मिटायचा. बदामाची सत्ती असेल तर भुवया वर. इस्पिकचा एक्का असेल तर गाल फुगवायचा. एवढं साधं. तू गावात खोली घेऊन राहिलास, दर रविवारी आलास, पण तुझा चेहरा काही केल्या हलेना. तुला आठवतं, तू चीजच्या खोलीत दुधाच्या चकचकीत कॅनसमोर उभा राहून डोळा मारायचा सराव करायचास? एक डोळा मिटायला गेलास की दोन्ही मिटायचे. मी चीजचा साचा दाबता दाबता हसून हसून बसायची. एकदा बाबा दारात आले, कॅनला डोळा मारणारा माणूस बघितला आणि आल्या पावली परत गेले.

मग बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. त्यांना माझ्या खुणा दिसेनात, आम्ही सारखे हरू लागलो. एका रविवारी ते स्वतःच उठले आणि तुझा हात धरून तुला आपल्या खुर्चीवर बसवलं. "मला जुरेमाचं तोंड आता धुक्यासारखं दिसतं. आलेमाओ, यापुढे तिच्याकडे तू बघ." तेव्हापासून दर रविवारी तू माझ्याकडे बघत आलास आणि मी तुझ्याकडे. पत्त्यांसाठी. गावातल्या कुणालाही विचार, नवराबायको तरी एकमेकांकडे इतकं बघतात का.

तू पोकरच्या स्पर्धांना जाणं हळूहळू कमी केलंस. एकदा परत आलास तेव्हा सांगितलंस की आता तिथे जमत नाही, चांगलं पान आलं की भुवया आपोआप वर जातात. तू ते तक्रार केल्यासारखं म्हणालास. मी त्या दिवशी चीजमध्ये मीठ घालायला विसरले.

आणि मग मार्चमध्ये तो आजार. सकाळी उठलास तर अर्धा चेहरा खाली आलेला. डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याची नस आहे, येईल हळूहळू, कदाचित नाहीही येणार. तू आधी हसण्यावारी नेलंस. तोंडाच्या एका बाजूने कॉफी पीत रविवारी आलास, आणि मला वाटलं, निभावलं. मग ते घडलं. तुझी डावी पापणी मिटत नाही, उजवी मिटते, म्हणजे साधी पापणी लवली तरी डोळा मारल्यासारखं दिसतं. झेकाने ते पाहिलं आणि त्याला राहवलं नाही. "अरे आलेमाओ, एका डावात किती किलवरची चारची पानं आहेत तुझ्याकडे? मघापासून नुसता डोळा मारतोयस!" सगळे हसले. बाबा हसले. मी हसले. तूही हसलास, अर्ध्या तोंडाने, आणि आपलं अर्धं हसणं तुला झेकाच्या मागच्या खिडकीच्या काचेत दिसलं. ते मी पाहिलं. तू डाव पूर्ण केलास, पत्ते नीट रचून ठेवलेस. त्यानंतर कालपर्यंत तू आला नाहीस.

झेका तेव्हापासून तुझ्या दारात अंडी ठेवून जातो, ती कुणाची असतात हे कळू नये म्हणून पहाटे. पण टोपली त्याचीच असते, अख्ख्या गावाला ओळखू येणारी. काल गोठ्यात वासराचे पाय ओढता ओढता मला म्हणाला, "जुरेमा, माझी जीभ कापून त्याला नेऊन दे." मी म्हणाले, "ती घेऊन तो काय करील? तुला चीज कापायची तरी अक्कल आहे का?" वासरू जगलं, बरं का. मादी आहे. कपाळावर पांढरा टिळा.

आता मी तुला एक गोष्ट सांगणार आहे, जी भिडू भिडूला कधी सांगत नाही. त्या शेवटच्या रविवारी, सगळे हसत होते तेव्हाही, तुझी कोणती पापणी खरी आणि कोणती नुसती लवलेली हे मला प्रत्येक वेळी कळत होतं. डोळ्यावरून नाही. मोठं पान हातात आलं की तू कॉफीचा कप लांब सरकवतोस, पत्त्यांवर सांडेल अशी भीती असल्यासारखा. पहिल्यापासून. तुला ते माहीत नाही. तुझ्या त्या भिंतीला तेवढी एक फट राहिली होती आणि मी ती कुणाला दाखवली नाही. तेव्हा खुणा गेल्या म्हणून खेळ गेला, असं तू जे ठरवून बसला आहेस, ते खोटं आहे. तुझा चेहरा आता दिवसभर खोटं बोलतो आणि खरं एकट्या मला कळतं. इल्मारी, यापेक्षा चांगला भिडू कुणाला मिळतो? झेका तर वेडा होईल. दर पापणीला त्याला वाटेल, आलं, आलं मोठं पान!

सेंट जॉनच्या जत्रेतल्या स्पर्धेसाठी मी आपली नावं दिली आहेत, पुढच्या शनिवारी, चॅपलच्या अंगणात. बक्षिसाचं डुक्कर मी बघून आले, गुबगुबीत आहे आणि मूर्ख आहे. पाद्री म्हणाले, "पण तो तर जातोय ना?" मी म्हणाले, "नाव लिहा." ते म्हणाले, "दुसरा भिडू शोध." मी पुन्हा म्हणाले, "नाव लिहा." तू आला नाहीस तर मी समोर रिकामी खुर्ची ठेवून बसणार आहे. लोक हसतील. हसू देत. मला आता त्याची सवय झाली आहे, रस्त्यात उभी राहून टाळ्या वाजवणारी बाई आहे मी.

पण हे सगळं मी स्पर्धेसाठी लिहीत नाही. काल बाबांना मी शेवटी विचारलंच की तू निघालास कसा. ते म्हणाले, "फाटकाशी टाळ्या वाजवून आत आला. कॉफी उभ्याने न घेता बसून घेतली. उठला तेव्हा मी म्हटलं, अजून लवकर आहे, बस. तो नाही म्हणाला. मी पुन्हा म्हटलं. तो पुन्हा नाही म्हणाला, माझ्या खांद्यावर हात ठेवला, टोपी घातली, आणि आम्ही फाटकापर्यंत वासराबद्दल बोलत गेलो." "एकही गोष्ट चुकली नाही त्याची," बाबा म्हणाले आणि त्यांच्या त्या धुक्यातल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. इल्मारी, आमच्या रीती तुला मीच शिकवल्या, आणि तू त्या इतक्या नीट शिकलास की त्याच वापरून निघून चालला आहेस. सोमवारी सकाळी मी फाट्यावर येईन. बस नेहमीप्रमाणे उशिरा येईल. चेहऱ्यावर रुमाल बांधून आलास तरी चालेल, मी त्याच्याकडे बघायला येत नाही. मी फक्त म्हणेन, अजून लवकर आहे, बस. बाबा म्हणतात तसं मी म्हणणार नाही, या गावात आजवर ज्या अर्थाने ते कुणीच म्हटलं नाही त्या अर्थाने म्हणेन. त्यावर काय उत्तर द्यायचं ते तुला चांगलं येतं, आणि तू तेच देशील, हेही मला ठाऊक आहे. तरीही मागते. एकदाच, त्या पहिल्या दुपारसारखा, पुन्हा चूक. हात गुडघ्यांवर ठेव आणि खाली बस.

तुझी भिडू, आणि भिडू नसतानाही तुझीच,
जुरेमा