पोर्ट पिरीहून आलेला गिअरबॉक्स

टार्निट,
सप्टेंबर २०२१

प्रिय सुखदा,

गिअरबॉक्स आला. आपला, तोच. पोर्ट पिरीच्या कॉलिनने पाठवला. आणि कॉलिन जिवंत आहे, हेही लगेच सांगून टाकतो. अगदी ठणठणीत नाही, पण सरकारला, सिगारेटच्या किमतीला आणि मला शिव्या देण्याइतका नक्की शाबूत आहे. तू काय शब्द दिला होतास ते तुझ्या लक्षात असेलच, म्हणून आधी हे लिहिलं.

फोन न करता पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर तू 'ऑसम, बाबा!' म्हणाली असतीस आणि शिफ्टला पळाली असतीस. शिवाय मराठी वाचायला तुला वेळ लागतो. लागू दे. दर रविवारी सकाळी तुला गाडीत कोंबून मराठी शाळेत नेत होतो, तू वाटभर तोंड फुगवून बसायचीस, त्या पेट्रोलचे पैसे कधीतरी वसूल व्हायला नकोत का? मी अक्षर मोठं काढतोय. अडलं तर आईला फोन करू नकोस, दोनदा वाच.

परवा सहज हिशेब केला, तू अकरा वर्षांची होतीस आपण फाल्कन आणली तेव्हा. बॅलरॅटच्या पुढच्या त्या शेतावरचं पत्र्याचं शेड आठवतं? मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालून बसली होती, आणि गाडीचा सौदा झाल्यावर त्या शेतकऱ्याने तुला त्यातलं एक अंडं भेट दिलं होतं. घरी पोचेपर्यंत तू ते हातात धरून बसलीस. आईने दारातच विचारलं, हे भंगार कोणाचं? मी म्हटलं, फाल्कन जीटी, सत्तर सालची, आपल्याच मेलबर्नमध्ये बनलेली, लोक हिला मसल कार म्हणून डोक्यावर घेऊन नाचतात. आई म्हणाली, नाचू देत, माझी तुळस तेवढी चिरडू नका. इंजिन जागेवर होतं, पण त्याच्यामागे नुसती पोकळी. गिअरबॉक्स नाही, तिथून मागे जाणारा शाफ्ट नाही, मागची चाकं फिरवणारा डिफरन्शियल नाही. कोणीतरी फार पूर्वी शर्यतीच्या गाडीसाठी सगळं काढून नेलं होतं. दुसरा गिअरबॉक्स घातला असता तर गाडी कधीच पळाली असती. पण या गाडीच्या बॉडीवरचाच नंबर कारखान्याने गिअरबॉक्सवरही ठोकलेला असतो, आणि मी वर्षानुवर्षं कारखान्यात तपासणीच्या टेबलाशी उभा राहिलेला माणूस. माझ्या गाडीत दुसऱ्याचा गिअरबॉक्स मला चालणार नव्हता. जित्याची खोड.

मग आपली भटकंती सुरू झाली. डिफरन्शियल सापडला वॉगा वॉगाला, एका माणसाच्या बोटीच्या ट्रेलरखाली. शाफ्ट तर हॉर्शमजवळच्या शेतावर फाटकाचा खांब म्हणून उभा होता. त्या बाईने स्पष्ट सांगितलं, तेवढ्याच उंचीचा दुसरा खांब आणा आणि हा घेऊन जा. आपण दोघांनी भर उन्हात पाइप रोवला, आईने बांधून दिलेली थालीपिठं त्या फाटकावर बसून खाल्ली. गिअरबॉक्स मात्र भेटेना. कुठे कुठे गेलो आपण! दरवेळी तू गाडीखाली किंवा बाकाखाली शिरायचीस, कारण मला जवळचं दिसत नव्हतं आणि तुझी बोटं बारीक. चिंधीने ग्रीस पुसायचीस, खडू आडवा धरून घासायचीस, वरचं पुसून टाकलं की खोदलेल्या आकड्यांत पांढरं राहायचं. मग तू एकेक आकडा मोठ्याने वाचायचीस आणि मी बाहेर तो आपल्या नंबरशी ताडत उभा. चौथ्या-पाचव्या आकड्यापर्यंत जुळायचं आणि मग तुझा आवाज खाली जायचा. परत येताना पेट्रोल पंपावर आइस्क्रीम तू मला घेऊन द्यायचीस, माझ्याच पाकिटातून. माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस कोणते असं कोणी विचारलं तर मी ते नंबर न जुळलेले दिवस सांगेन.

कॉलिनचा पत्ता फाल्कनवाल्यांच्या क्लबच्या मासिकात लागला, तेव्हा तू नववीत असशील. त्याने जाहिरात दिली होती, पण गिअरबॉक्स विकायची नव्हे, गाडी घ्यायची! तरुणपणी कुठल्याशा भंगारवाल्याकडून त्याने हा गिअरबॉक्स उचलला आणि तेव्हापासून तो त्या नंबरची बॉडी शोधत होता. म्हणजे मी ज्याच्यामागे होतो तो माझ्यामागे. मी म्हणालो, दे. तो म्हणाला, तू दे. तिथेच घोडं अडलं. ना तो हलला, ना मी. फोटोसुद्धा पाठवला नाही म्हाताऱ्याने, फोनवर नंबर वाचून दाखवायचा आणि खदाखदा हसायचा. मी परसातल्या लिंबांचं आईच्या हातचं लोणचं पोस्टाने पाठवायला लागलो. आवळा देऊन कोहळा काढायचा डाव. तो ते टोस्टवर चीजबरोबर खायचा, बरणी संपली की कळवायचा, कोहळा मात्र देईना. शेवटी एका रविवारी आम्ही फोनवरच ठरवून टाकलं, की दोघांपैकी जो आधी जाईल त्याचा भाग दुसऱ्याचा. गाडी एकदाची पुरी होईल, ज्याच्या घरी व्हायची त्याच्या घरी. त्याचं वय, त्याचा खोकला, त्याच्या सिगारेटी बघता मला हा सौदा फायद्याचा वाटला होता. खोटं कशाला बोलू?

तुला हे कळलं तू पर्थला जाण्याआधीच्या ख्रिसमसला. तू इतकी चिडलीस की मराठी-इंग्रजी एक केलंस. दॅट्स सिक, बाबा, म्हणालीस. दोन म्हातारे एकमेकांच्या मरणाची वाट बघत बसलेत आणि त्याला मैत्री म्हणतात. मीही काही कमी नाही, मी म्हटलं, तुला काय कळतंय यातलं. ते बोलायला नको होतं, कारण तुझ्याइतकं या गाडीतलं कोणालाच कळत नव्हतं. मग दाराशी बॅग उचलताना तू म्हणालीस, ज्या दिवशी तो माणूस जिवंतपणी गिअरबॉक्स देईल, त्या दिवशी मी मिळेल त्या विमानाने येईन आणि तुमच्याबरोबर बसवीन. असं कधी होणार नाही हे तुलाही माहीत होतं. म्हणूनच तू ते बोललीस, मला कळलं होतं.

नंतर ही महामारी आली आणि तुमच्या राज्याने सीमेचं दार लावून घेतलं. इकडे आम्ही घरात. रस्त्यावर चिटपाखरू नसायचं, कारखाना सुटल्यापासून मी जी बस चालवायचो ती रिकामी, आरशात मागे बघितलं की नुसत्या सीटा. आई वृद्धाश्रमातल्या ड्यूटीवरून यायची ती गॅरेजच्या दारातच कपडे बदलून आत शिरायची, चेहऱ्यावर मास्कचे वळ. त्या दिवसांत मी दर रविवारी कॉलिनला फोन लावायचो. बरा आहेस ना, लस घेतलीस का, दुकानात स्वतः जाऊ नकोस. तुझं ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. फोन वाजत राहिला आणि त्याने उचलला नाही, की हा गेला, अशी भीती मनात यायची, आणि त्याच क्षणी गिअरबॉक्सही डोळ्यांसमोर यायचा. यातलं आधी काय यायचं ते मला आजही सांगता येणार नाही. मग तो उचलायचा, खोकायचा आणि म्हणायचा, 'सॉरी मेट, स्टिल हिअर.' मला बरं वाटायचं. खरंच वाटायचं, सुखदा.

तुला इकडची बातमी विशेष काही नाही. आई यंदा कुरडया घालणार नाही म्हणते, त्यामुळे फाल्कनचं छत उन्हाळाभर मोकळंच राहील. लिंबं झाडाखाली पडून आहेत. मी सध्या बसवर जात नाही, रजा साठली होती ती घेतोय. माझ्या फोनचा कॅमेरा अजून बिघडलेलाच आहे, त्यामुळे व्हिडिओवर तुला आमचं छतच बघावं लागतं, त्याबद्दल तू गेल्या वेळी चिडलीसच.

आणि मग गेल्या आठवड्यात दारात ट्रक. ड्रायव्हर ॲडलेडकडचा, मालाचा ट्रक म्हणून त्याला सीमेवरून येऊ दिलं होतं. खाली उतरला, मास्क वर केला आणि विचारलं, पॅडी कोण? गेली नऊ वर्षं कॉलिन मला पॅडी म्हणतो, पद्माकर म्हणायचा त्याने कधी प्रयत्नसुद्धा केला नाही. मागे लाकडी खोक्यात, जुन्या लोकरी घोंगडीत गुंडाळलेला गिअरबॉक्स. शेजारच्या कुमारने आणि त्या ड्रायव्हरने मिळून तो आत आणला, मी नुसता बोट दाखवत उभा राहिलो. निरोप काय, असं मी विचारलं, तर म्हणाला, 'द ओल्ड फेला सेज द बेट्स ऑफ.' पैज रद्द. एवढंच. चहा नको म्हणाला आणि निघून गेला. आई, जी इतक्या वर्षांत त्या गॅरेजमध्ये झाडू मारायलासुद्धा कुरकुरत शिरायची, ती स्टूल घेऊन त्या खोक्याशेजारी बसली आणि पदरात तोंड घालून रडली. मला तिला गप्प करता येईना.

कॉलिनने पैज का मोडली, हे आता तुला सांगायला हवं. जूनमध्ये माझं पोट दुखायला लागलं, मी ते आईच्या मिसळीवर ढकललं. तपासण्या झाल्या. स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, आणि तो पसरलेला आहे. डॉक्टरबाई सरळ बोलणारी आहे. उन्हाळा दिसेल म्हणते, त्याच्यापुढचं काही बोलत नाही. कॅमेरा बिघडलेला नाही ग. मी इतका वाळलोय की तुला दाखवायची हिंमत झाली नाही. आईला मी तुझीच शपथ घातली होती, म्हणून ती तुझ्याशी खोटं बोलत आली, तिच्यावर रागावू नकोस. कॉलिनला मात्र सांगणं भाग होतं, करार तसा होता. आणि परक्याला सांगणं सोपं जातं. मी त्याला हसत हसत म्हटलं, तू जिंकलास, गाडी न्यायची तयारी कर. त्याने फोन ठेवून दिला. पुढच्या रविवारी उचलला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मला संताप आला, म्हटलं, म्हातारा ट्रेलर शोधायला लागला वाटतं. तो ट्रकच शोधत होता, पण उलट्या दिशेने येणारा. डॉक्टरबाईंनी सांगितलं तेव्हा मी घाबरलो नव्हतो. खोकं उघडून ती घोंगडी दिसली तेव्हा घाबरलो. ज्या माणसाने आयुष्यभर ही गाडी शोधली, त्याला माझ्या मरणाच्या मोलाने ती नको होती.

तुझ्या राज्याची सीमा मला माहीत आहे. इकडे येता येईल, पण परत कधी घेतील याचा नेम नाही, आणि खाणीवरची नोकरी तोवर तुझ्यासाठी थांबेल असंही नाही. नको येऊस, असं लिहायला मी चारदा बसलो. ते लिहून झालं नाही. शब्द दिला होतास म्हणून ये असं म्हणत नाही, शब्द मी सोडला. मला तू हवी आहेस म्हणून ये. पाना आता माझ्या हातात राहत नाही, पण स्टुलावर बसून तुझ्या चुका काढायला मला अजून चांगलं जमेल. बसवून झालं की गाडी तू चालव, मी शेजारी बसतो, लॉकडाउनमुळे पाच किलोमीटरच्या पुढे जाऊ देत नाहीत तर तेवढंच जाऊ. नंतर ती पोर्ट पिरीला न्यायची की ठेवायची ते तू आणि कॉलिन ठरवा, त्याचा नंबर आईकडे आहे. फोन मात्र आधी आईला कर. गिअरबॉक्सवरचा नंबर मी अजून वाचलेला नाही, कुमार टॉर्च धरतो म्हणाला होता, मी नको म्हटलं. ग्रीस तसंच आहे. खडू गॅरेजच्या खिडकीत ठेवला आहे.

तुझी वाट बघणारा, तुझाच,
बाबा