पऱ्यात पडलेला चेंडू

वेळणेश्वर
१२ जानेवारी १९८६

प्रिय दत्तू,

तुझं पत्र मिळालं. तुझी विमल माझ्याकडेच आहे. तिला पालीला सासरी कधी पाठवतेस, असं विचारलंयस. त्याचं उत्तर देतेच, पण आधी तुझ्या त्या गोल्फचं थोडं सांगते.

शिमग्याला आला होतास तेव्हा किनाऱ्यावर माझ्या हातात छत्री देऊन तिच्या मुठीने चेंडू मारायला लावलास, आठवतं? चेंडू वाळूत रुतला. मी सवयीने त्याच्यापुढचा शिंपला उचलला, छत्री वाळूवर टेकवली, तर तू ओरडलास, "बाईंनाच दंड झाला. पोरांना शिक्षा करता ना, आता भरा." तू मुंबईत साहेबांच्या काठ्या वाहतोस, तिथला कायदा म्हणे असाच. वाळूच्या खड्ड्यात फटक्याआधी काठी टेकवायची नाही, आजूबाजूची पानं-काटक्या काढायच्या नाहीत. चेंडू पडला तसा मारायचा. समोर दिसणारा केर उचलू न देणारा खेळ मी पहिल्यांदाच पाहिला.

आता शाळा सुटली की मी आणि विमल छत्री घेऊन जातो. तिलाही प्रश्न फार. वाऱ्याने सुरूची काडी नेमकी चेंडूवर येऊन पडली तर? कुर्लीने नांगीने चेंडू ढकलला तर? परवा म्हणाली, "आत्या, वाळू किती खोल ते चाचपायलासुद्धा बंदी? मग कळायचं कसं?" मी म्हटलं, तुझ्या बाबांना विचारू. चालताना ती मला नेहमी उजवीकडे ठेवते. डावीकडून हाक मारली तर वळत नाही. आधी मला वाटलं, रुसलीय.

काल चेंडू पऱ्यात गेला, देवळाकडून येऊन तो समुद्राला मिळतो तिथे. पाण्यातूनही मारता येतो. नसेल मारायचा तर उचलायचा, एका फटक्याचा दंड घ्यायचा, पाण्याच्या अलीकडे कोरड्यात टाकायचा आणि पुढे खेळायचं. बरोबर ना? पण मारायचा की उचलायचा, हे कोण ठरवतं? काठावरचे, की ज्याचा चेंडू तो? मला वाटतं, ज्याचा चेंडू तो. आणि उचलला म्हणून डाव संपत नाही, असं तूच म्हणाला होतास. मी हे विमलला सांगितलं. ती पाण्यात उतरली, चेंडू हातात घेऊन बाहेर आली. मग तिने मला डाव्या कानाचं सांगितलं. पालीला खाल्लेल्या एका थपडेने झालेलं नाही ते.

तेव्हा दत्तू, ती पालीला जाणार नाही. हे तिने ठरवलंय, मी नाही. भावकी तुला नावं ठेवील, पालीचे लोक दारात येऊन बोलतील. तो दंड आहेच. तो माझ्याकडे पाठव, मला बोलणी खायची सवय आहे. उद्या सोमवारी तिला रत्नागिरीला कानाच्या डॉक्टरांकडे नेतेय. तू रजा काढून ये. तुझ्या मनात काय आहे, एवढंच तिला अजून माहीत नाही. आलास की तिच्या उजव्या बाजूला बस.

तुझीच,
सोनूताई