आजोबा दिन आणि जराशी कणकण

८ सप्टेंबर, सोमवार
रोहिणीचं सकाळपासून सुरू. घसा दुखतो, शाळेत जात नाही. तिसरीतल्या पोरांची नाटकं मी पुरती ओळखून आहे. चहाचा गरम ग्लास खाली ठेवला, तळहात नातीच्या कपाळावर. गार. हुकूम सोडला, दप्तर उचला. सूनबाई, म्हणजे मनीषा, थर्मामीटर लावू म्हणत होती. लावू दिलं नाही. ओझरच्या कारखान्यात उभी नोकरी मशिनीला हात लावून तापली की नाही सांगण्यात गेली.

दुपारी
शाळेतून फोन. पोर तापाने फणफणलेली. रिक्षाने घेऊन आलो. माझा हात चुकलेला नाही. ताप शाळेत गेल्यावर चढला असणार.
यापुढे नियम: जरा कणकण वाटली की शाळा बंद. अपवाद नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार
रोहिणी झोपून. तिच्या ताटलीतली उष्टी खिचडी मीच संपवली, अन्न टाकवत नाही. मनीषा म्हणाली, लागण होईल. आमच्या पिढीला लागण होत नाही.
उद्या शाळेत आजी-आजोबा दिन. सगळ्यांतर्फे दोन शब्द मी बोलणार. माझी शाळा चौथीतच सुटली, पुढचं सगळं रद्दीतल्या पुस्तकांवर. शाळेच्या स्टेजवर उभं राहायचं राहूनच गेलं. उद्या काहीही होवो, जाणार.
संध्याकाळी प्रॅक्टिस. आवाज घोगरा येतोय. भाषणाला वजन येतं त्याने.

१० सप्टेंबर, बुधवार, सकाळी
अंगावर काटा येतोय. उत्साह, दुसरं काय. पाय दुखतात ते पलंगामुळे. मनीषा थर्मामीटर घेऊन आली. त्याआधी गार पाणी बराच वेळ तोंडात धरलं होतं. नॉर्मल निघालं. लबाडी नव्हे, तहान लागली होती.
रोहिणी अंथरुणातून म्हणाली, "आजोबा, तुमचाच नियम आहे ना? मग कशाला जाताय?"
नियम विद्यार्थ्यांसाठी असतो, पाहुण्यांसाठी नाही, असं समजावलं. शेजारणीला तिच्याजवळ बसवलं, स्वेटर चढवून निघालो.

संध्याकाळी
"आदरणीय बाई" इथपर्यंत आठवतं. मग माईक धरायला गेलो, तो जरा लांब निघाला. बाईंनी माझ्या कपाळाला हात लावला आणि आजारी मुलांच्या खोलीत नेऊन निजवलं. कॉट एवढीशी, पाय बाहेर. म्हटलं, रिक्षाने जातो की. त्या म्हणाल्या, "घरचं मोठं माणूस आल्याशिवाय सोडता येत नाही, आजोबा."
मनीषा ऑफिसातून आली. स्कूटीवर मागे बसवून आणलं. इंदिरानगरात घरी पोचेपर्यंत एक शब्द बोलली नाही. गाडी चालवताना बोलू नयेच.

११ सप्टेंबर, गुरुवार
ताप शंभरच्या वर, असं मनीषा म्हणते. मी बघितलेला नाही. रोहिणी ठणठणीत. कपाळावर पट्ट्या ठेवते, दटावून खिचडी खायला लावते. भाषण राहिलं म्हटलं, तर म्हणाली, पुढच्या वर्षी करा, तेव्हा मी चौथीत असेन. जरा वेळ भिंतीकडे तोंड करून पडलो. डोळे तापाने चुरचुरतात.
शाळेच्या ग्रुपवर सूचना आली: 'ताप असल्यास विद्यार्थ्यांना शाळेत पाठवू नये. आजोबांनाही पाठवू नये.'
नाव घातलेलं नाही. शाळेत आजोबा पुष्कळ आले होते, कोणीही असू शकतो.
खाली अंगठ्यांची रांग. पहिला मनीषाचा.