रुखवतातलं निपाणीचं घर

मुक्काम शहापूर, बेळगाव
चैत्र वद्य तृतीया

राजमान्य राजेश्री मारुतीराव पाव्हणे, तंबाखूचे व्यापारी, निपाणी, यांच्या सेवेसी शहापूरच्या परशराम ड्रॉइंग मास्तरचा दोन्ही हात जोडून रामराम. (शाळेत मी तुम्हाला मारुत्या म्हणत होतो आणि तुमच्या डब्यातलं लोणचं न विचारता खात होतो. पण आता माझी बेबी तुमच्या शामूला दिली, मी मुलीचा बाप झालो, तेव्हा हात जोडणं आलं. ते जोडलेलेच आहेत असं समजावं. उजवा तेवढा सध्या लिहिण्यात गुंतला आहे.) आम्ही सगळे खुशाल. तुमचा गुडघा कसा आहे? वखारीतल्या धुळीनं तुम्हाला शिंका फार येतात असं शामूकडून कळलं. तंबाखूच्या व्यापाऱ्यानं शिंकावं, हे म्हणजे हलवायाला गोड बाधण्यासारखं झालं. तरी आलं-तुळशीचा काढा घेत जावा. वहिनींना नमस्कार. म्हैस व्याली असल्यास कळवावं.

विशेष हे की, लग्न तुमच्या दारी निपाणीला ठरलं, ते तोंडावर आलं आहे आणि आमच्याकडच्या तयारीची हकीकत भलत्याच तोंडून तुमच्या कानावर जाण्याआधी माझ्याच हातून गेलेली बरी. तयारी म्हणजे रुखवत. गेल्या वर्षी बेळगुंदीला एका लग्नाला गेलतो. रुखवतात सुपाऱ्यांचे भटजी, खोबऱ्याचं तुळशीवृंदावन आणि कापसाचे बगळे मांडले होते, आणि मुलीचा मामा शेजारी छाती काढून उभा होता. मी आपलं सहज म्हणालो, बगळ्याची मान जरा चुकलीय. (चुकलेलीच होती. बगळा कमी आणि किटली जास्त दिसत होता.) तर तो मामा चार माणसांत म्हणाला, "मास्तर, तुमच्या पोरीच्या लग्नात बघू की तुमचा बगळा!" वीस वर्षं पोरांना चित्रकला शिकवणाऱ्या माणसाला हे बोलणं किती लागावं, ते तुम्हीच बघा. घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं. बगळे नाहीत, भटजी नाहीत, रुखवतात मांडायचं ते नवऱ्यामुलाचं घर. निपाणीचं तुमचं घर, हुबेहूब, फुटाला अर्धा इंच अशा मापानं, कौलांसकट. पोरीला जायच्या आधी चूल कुठं, न्हाणी कुठं हेही कळेल. आमचं कुटुंब अंबुबाई म्हणाली, "त्यापरास चार करंज्या जास्ती करूया, लोक खात्यात तरी." हा एक टोमणा मी त्या वेळी मोजला नाही.

लाकूड चहाच्या खोक्यांचं. त्यात शाळेचा एक ड्रॉइंग बोर्डही आमच्याकडं रजेवर आला आहे. (आमच्या हेडमास्तरांचे साडू निपाणीत आहेत. त्यांच्यासमोर हा विषय काढू नये.) कौलांसाठी खानापूरकडची माती आणवली, बोटाच्या पेराएवढी कौलं थापली, पण ती भाजणार कुठं? कुंभार हसला. शेवटी चुलीतल्या निखाऱ्यात, भाकरी उतरायच्या आधी नि नंतर, अशी लपवून भाजली. एकदा गडबडीत भाकरीच्या पापुद्र्यात एक कौल गेलं आणि ताटात आलं. ते माझ्याच ताटात आलं, आणि माझ्याच दाढेखाली आलं, यात देवाचा न्याय आहे असं अंबुबाईचं म्हणणं आहे. दाढ गेली. कौल मात्र शाबूत होतं, ते धुऊन उत्तरेच्या पडवीवर बसवलं आहे.

पुढं चुना. जुन्या बांधकामात चुन्यात गूळ घालत होते, तुमच्या घरालाही घातलेला आहे, तेव्हा मीही संकेश्वरचा गूळ आणून घातला. काम हुबेहूब तर हुबेहूब. दुसऱ्या दिवशी मुंगळ्यांची रांग न्हाणीपासून थेट तुमच्या माजघरापर्यंत लागलेली. मी हळद टाकली, राख टाकली, घर उचलून पाण्याच्या परातीत चार वाट्यांवर ठेवलं. आता येणारे-जाणारे विचारतात, "मास्तर, निपाणीत पूर आलाय काय?"

तरी इथवर सगळं हसण्यावारी गेलं. खरा घोळ झाला तो मापात.

तुमच्या घरात मधोमध ती भिंत. वडील गेल्यावर तुम्ही आणि धाकटे आण्णाप्पा यांनी घातलेली, ते मी नव्यानं काय सांगणार? थोरलं दार ती जिथं येऊन भिडली तिथंच खिळे ठोकून बंद झालं. तुम्ही वखारीच्या बोळातून येता-जाता, त्यांनी खिडकी फोडून दार केलं. सोप्यातला झोपाळा नेमका भिंतीच्या वाटेत आला, तेव्हा फळी तुमच्या वाटणीला आली आणि साखळ्या त्यांच्या. तुमच्याकडं फळीवर तंबाखूचे नमुने मांडलेले असतात, त्यांच्याकडं साखळ्यांना रेडकं बांधलेली असतात. सुपारी फोडायला आलतो तेव्हा तुम्ही तुमचा भाग मला अभिमानानं मोजून दिलात, एकवीस फूट. मग मी पान आणायला म्हणून बाहेर पडलो, आठवतं? (पान आणायला एवढा वेळ लागत नाही हे तुमच्या ध्यानात आलं नाही. गुडघा दुखत असणार.) मी आण्णाप्पांकडं गेलतो. रागावू नका, अर्ध्या घराची प्रतिकृती कशी करणार? त्यांनी चहा दिला, चिवडा दिला आणि तितक्याच अभिमानानं आपला भाग मोजून दिला. तोही एकवीस फूट. आणि बाहेरून घर मोजलं तर भरलं चाळीस!

आता हे गणित इथं शहापुरात लाकडावर उतरवायचं म्हणजे वीस इंचांच्या घरात साडेदहा-साडेदहा इंचांचे दोन भाऊ बसवायचे. तुम्ही दोघंही खोटं बोलणारे नव्हेत. मी डोकं धरून बसलो, फूटपट्टी बदलली, शाळेतल्या गणिताच्या मास्तरांना चहा पाजला. मग उमगलं. दोन फूट जाडीची ती भिंत तुम्हीही आपल्यात धरलीत आणि आण्णाप्पांनीही आपल्यात धरली. बाकी कशावर तुमचं एकमत नाही, पण भिंत माझी म्हणण्यात दोघं सख्खे भाऊ शोभता. शेवटी मी दोन फळ्या एकीवर एक चिकटवून इंचभर जाड भिंत केली, चुना फासला आणि मधोमध बसवली.

ती टिकेना. सकाळी शाळेत जाताना उभी करावी, संध्याकाळी येऊन बघावं तर आडवी. बाकी घर भक्कम, कौल हललं नाही, भिंत तेवढी पडलेली. मुंगळे गूळ खाऊन पाडतात म्हणून मी मुंगळ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग वाटलं, तुमच्या खऱ्या भिंतीसारखीच हीही पाया न घेता नुसती फरशीवर ठेवलीय, म्हणून पडते. (तुमच्या भिंतीला वरच्या अंगाला भेग आहे. मुद्दाम बघितली नाही, दिसली.) अशात आमच्या घरमालकीण जयाबाई घर बघायला आल्या. कमरेवर हात ठेवून सगळीकडून बघितलं आणि म्हणाल्या, "मास्तर, समदं झ्याक केलासा. पर नवरीनं माप कुठल्या दारातनं वलांडायचं? ह्ये थोरलं दार तर उघडतच न्हाय की!"

मारुतीराव, मी हातातली फूटपट्टी खाली ठेवली. माझी पोर वाजतगाजत निपाणीला येणार आणि उंबऱ्यावरचं माप वखारीच्या बोळात, तंबाखूनं भरलेल्या बोदांच्या आडोशाला ओलांडणार. कौलं मोजली, वासे मोजले, आणि हे एवढं माझ्या ध्यानात आलं नव्हतं. बेबी तिथंच उभी होती. तिच्या बोटांना चुना लागलेला दिसला. मी विचारलं, "भिंत तू पाडतीस व्हय गं?" तर खाली बघत म्हणाली, "पाडत न्हाय आबा. झोपाळ्याला जागा करतोय नव्हं का."

आणि खरंच, भिंत काढून तिनं आतल्या तुळईला दोरा बांधून काडेपेटीची फळी टांगली होती. मी तो दोरा काढला आणि माझ्या घड्याळाची साखळी तोडून तिथं लावली. (घड्याळ आता करगोट्याच्या दोऱ्याला आहे. वर्गात पोरं हसतात.) त्या झोपाळ्यावर बसून आपण तिघांनी तुमच्या आईच्या हातच्या शेंगा खाल्ल्या आहेत. आण्णाप्पा लहान म्हणून मधी बसायचा. मला ते आठवलं आणि मी चष्मा पुसायला परसात गेलो, हे तुम्हाला सांगायला लाज कसली?

असो. कामापुरतं लिहायचं तर वाहवत गेलो. पत्र लिहायचं कारण एवढंच, की मागच्या दाराला रंग हिरवा आहे की निळा, हे उलट टपाली कळवावं म्हणजे मी रंग कालवतो. कळावे, लोभ आहेच, तो गुडघ्यासारखा न कुरकुरता राहावा.

आपला होणारा व्याही,
परशराम मास्तर

ता. क. रंग कळवला नाही तरी चालेल, मला माहीत आहे. हिरवा आहे. मागणं दुसरंच आहे. त्या दिवशी निघताना आण्णाप्पांनी मला विचारलं, "दादा लग्नाला बोलवंल का वो मास्तर?" मी चपला चाचपायला लागलो. तर हसून म्हणाले, "न्हाय बोलिवलं तर न्हाय. मांडव त्येच्या अंगाला पडंल, मंगलाष्टकं हितं ऐकू येत्यात. म्या भित्तीवरच अक्षता टाकीन." मारुत्या, ऐक. पहिली अक्षत देवाला दे आणि दुसरी भिंतीपलीकडं. कुणाच्या हाती पाठवू नकोस, स्वतः जा. पान आणायला जातो म्हण हवं तर, मी तसंच केलतं.

पुन्हा ता. क. घर सर्व्हिस मोटारीनं पुढच्या आठवड्यात येईल. मोटारवाल्याला सांगून ठेवलंय, मांडीवर घेऊन येईल. घर बिनभिंतीचं आहे. तरी कामात लबाडी केली असं कुणी म्हणू नये म्हणून भिंत वेगळ्या पितळी डब्यात घालून सोबत पाठवतो. रुखवतात ती असावी असं वाटलं, तर चार पाव्हण्यांच्या देखत तुमच्या हातानं बसवा. माझ्यानं बसत नाही.

आणखी थोडं. पाव्हण्यांस अंबुबाईचा रामराम. ह्यांनी पत्र पाकिटात घालायला माझ्याकडं दिलं, मी वाचलं. पितळी डबा मला पाहिजे होता, म्हणून भिंत काढून चुलीत घातली. वाळली होती, चांगली पेटली, तिच्यावरच बेसन भाजलं. डब्यात आता लाडू हाईत. निम्मे तुमचे, निम्मे आण्णाप्पा भावजींचे. भिंतीवरनं देऊ नका, फुटत्यात. थोरल्या दाराचे खिळे काढा आणि तिथनं घेऊन जावा.