दाजींच्या गोळ्या

शिरोली,
२३ सप्टेंबर २००२

ति. आक्का,

तुला आणि दाजींना नमस्कार. इकडं समदं बरं हाय. तुझी भाची निशिगंधा कॉलेजात पहिल्या वर्गात पास झाली. तुझ्या भावजयीनं, बनानं, दारात मांडव घालून दोडका चढवलाय. मी पण झकास. कारखान्यात मला भट्टीवरनं काढून स्टोअरला बसवलंय. पंख्याखाली खुर्ची, दुपारी घरचा डबा. एवढा निवांत मी जन्मात नव्हतो.

गणपतीला ओव्हरटाइममुळं आलो न्हाय, असं कळवलं होतं. ते खोटं. मी दवाखान्यात होतो, नऊ दिवस.

महिनाभर पायावर सूज होती. उभ्याच्या कामानं आसंल म्हटलं. मग आडवं झालं की दम कोंडायला लागला. डॉक्टरांनी बीपी बघितलं, वरचं दोनशे दहा. "गोळी कधी सोडली?"

"सहा वर्षं झाली. काय त्रासच नव्हता की."

"त्रास होत नाही, म्हणूनच माणसं फसतात."

डॉक्टर म्हणाले, जादा दाबाविरुद्ध रेटून रेटून हृदय जाड झालंय, आता दमलंय. मूत्रपिंडातल्या बारीक रक्तनळ्या खराब होऊन ती निम्मी कामातनं गेलीत. गेलेलं परत येणार न्हाय. राहिलंय ते गोळ्या घेतल्या तर टिकंल.

घाबरू नकोस. सूज उतरलीय, जिना चढतोय. अळणी आमटीचीसुद्धा चव कळायला लागलीय.

आता ज्यासाठी लिहायला बसलोय ते. गेल्या भाऊबीजेला तू स्वयंपाकघरात होतीस. दाजी बीपीची गोळी घेत होते. मी म्हटलं, "दाजी, माझ्याकडं बघा, बिनगोळीचा ठणठणीत हाय का न्हाय?" त्यांनी पाकीट खिडकीतनं भिरकावलं आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो. गोळ्या सोडल्याचं तुला सांगायचं न्हाय, असं ठरलं.

बूथवरनं तीनदा फोन केला. तिन्ही वेळा दाजींनीच उचलला, आणि मी पाऊसपाण्याचं बोलून ठेवला. म्हणून निशिगंधाला एसटीनं पाठवतोय. आजच्या आज त्यांना डॉक्टरकडं ने. ऐकलं न्हाईत तर सोबतचे माझे रिपोर्ट दाखव. मग मला काय बोलायचं ते बोल.

तुझा चुकलेला,
आकाराम

जयसिंगपूर,
२६ सप्टेंबर

आकाराम,

पत्र वाचून एवढी चिडले की तीन दिवस हातात पेन धरलं न्हाय.

दाजींचं बीपी एकशे ऐंशी निघालं. रक्त तपासलं, लघवी तपासली, हृदयाची पट्टी काढली. मूत्रपिंडं शाबूत हायत, हृदय बी. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. दाजी लई वाद घालत होते, पण तुझा रिपोर्ट वाचल्यावर तांब्या मागून घेतला. गोळी घेतली आणि मला विचारलं, "आकाराम बरा हाय न्हवं?" डोळ्यात पाणी होतं त्यांच्या.

सहा वर्षं मी विचारत होते, "गोळ्या चालू हायत न्हवं?" आणि तू व्हय म्हणत होतास. ते मला जास्त लागलं.

रविवारी दोघं येतोय. आधी तुला समोर बसवून सगळा राग काढणार. मग चार दिवस राहणार.

अजून रागावलेली, पण तुझीच,
आक्का